बी पॉझिटिव्ह!

ऑफिसमधल्या कुठल्याही डेस्कचा खालचा ड्रॉवर उघडा. पूर्वी तिथे बाकरवडीचं पाकीट सापडायचं, फार फार तर मारी बिस्किटं. आता सापडतात बिया. भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, चियाच्या, जवसाच्या. त्याही ‘रोस्टेड’ आणि ‘लाइटली सॉल्टेड’, झिपलॉकच्या चकाचक पाकिटात. ज्या आयांनी जन्मभर ताटात जवसाची चटणी वाढली आणि आपण ती हळूच कडेला सरकवली, त्याच आयांना आता आपण फोनवर सांगतो, ‘अगं, फ्लॅक्ससीड्स खात जा, फार हेल्दी असतात!’ त्यावर पलीकडून जी शांतता येते ना, ती ऐकण्यासारखी असते.

असो. बियांच्या फॅशनबद्दल माझी काही तक्रार नाही. फॅशनच करायची तर बर्गरपेक्षा बियांची केलेली बरी. पण हल्ली नुसत्या बियांवर भागेनासं झालंय. आता बियांमधली ‘पेप्टाइड्स’ हवीत. त्यातही ‘अँटिऑक्सिडंट पेप्टाइड्स’. प्रोटीन पावडरच्या डब्यावर हा शब्द आहे, चेहऱ्याच्या सीरमवर आहे, जिममधल्या त्या ट्रेनरच्या तोंडी तर आहेच आहे. आणि गेल्या महिन्यात तो थेट माझ्या इनबॉक्समध्ये येऊन बसला.

एका कंपनीला ब्रोशर लिहून हवं होतं. प्रॉडक्ट : सोयाबीनपासून बनवलेली पेप्टाइड पावडर. मानधन : माझं दोन महिन्यांचं भाडं निघेल एवढं. (फ्रीलान्सर मंडळींना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.) मुद्दे त्यांनीच पाठवले होते. ‘तारुण्याचं बीज’, ‘फ्री रॅडिकल्सवर हल्लाबोल’ आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात : ‘व्हिटॅमिन सीपेक्षा ताकदवान.’ मी फोन करून विचारलं, हे कशावरून? पलीकडचा मार्केटिंगवाला फारच गोड माणूस होता. म्हणाला, ‘मॅडम, सायन्स आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त इमोशन टाका.’

इमोशन टाकायला आपलं काही जात नाही. पण मास कॉमच्या कोर्समध्ये एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, तो छापायचा नाही. म्हणून मी गाठलं माझ्या एका मैत्रिणीला. ती पुण्यातल्या एका लॅबमध्ये नेमकं हेच करते. सोयाबीनमधून अँटिऑक्सिडंट पेप्टाइड्स काढणं आणि ती खरंच काही कामाची आहेत का, ते तपासणं. गेली चार वर्षं. मी विषय काढल्यावर ती म्हणाली, ‘लॅबवर ये. आणि येताना काहीतरी खायला आण, कारण इथे असलेलं काहीही तोंडात घालायचं नाही.’

पेंडीतला खजिना

पहिला धक्का दारातच. मला वाटलं होतं, टेबलावर टपोरे सोयाबीनचे दाणे असतील. होता एक पिवळट पिठाचा डबा. ‘ही पेंड,’ ती म्हणाली. ‘तेल काढून घेतल्यावर उरते ती. व्यापारी डीओसी म्हणतात.’

सोयाबीनच्या दाण्यात ढोबळ मानाने ४० टक्के प्रथिनं असतात आणि २० टक्के तेल. कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल काढून घेतलं की उरलेल्या पेंडीत प्रथिनांचं प्रमाण आणखी वाढतं, ४५ टक्क्यांच्या वर जातं. यातली बरीचशी पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. मैत्रीण मूळची लातूरकडची. तिच्या घरी सोयाबीन पिकतं, त्यामुळे बाजारात भाव पडला की तिच्याकडे तो मोबाइलवरच्या बातमीतून नाही, वडिलांच्या आवाजातून कळतो. ‘तेलाचा भाव सगळ्यांना पाठ असतो,’ ती म्हणाली, ‘पण खरं प्रोटीन मागे उरतं त्या पेंडीत. त्यातून जास्त मोलाचं काही काढता आलं तर बघायचं होतं. म्हणून हा विषय घेतला.’

आता थोडं सायन्स. घाबरू नका, मलाही कळलं म्हणजे तुम्हाला कळेलच.

बी म्हणजे झाडाचं डबा भरून ठेवलेलं बाळ. जमिनीत पडल्यावर, पानं फुटून स्वतःचं स्वतः कमवायला लागेपर्यंत त्याला पुरेल एवढी शिदोरी त्यात बांधलेली असते. या शिदोरीतली प्रथिनं म्हणजे साठवणीची प्रथिनं. सोयाबीनमध्ये त्यातली मुख्य दोन, ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन. नावं विसरलात तरी चालेल. ही प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा, घट्ट गुंडाळी करून ठेवलेल्या. त्यातला छोटा तुकडा, साधारण दोन ते वीस मण्यांचा, म्हणजे पेप्टाइड.

गंमत अशी, की माळ अख्खी असताना या तुकड्याचा काही गुण दिसत नाही. तो सुटा झाला की दिसतो. आपल्या ‘सहकारनगर’चंच घ्या ना. अख्खं असताना तो फक्त पत्ता आहे. पण नेमक्या ठिकाणी कात्री लावली तर त्यातून ‘कार’ निघते, ‘नगर’ निघतं, ‘गर’ही निघतो. चुकीच्या ठिकाणी लावली तर ‘रन’ मिळेल किंवा नुसतंच ‘हका’. म्हणजे सगळा खेळ कात्री कुठे लागते याचा.

कात्री, चाळणी आणि धीर

ही कात्री म्हणजे एन्झाइम. पण त्याच्या आधी प्रोटीन वेगळं काढावं लागतं. त्याची रीत ऐकून मला आमच्या घरचं पनीर आठवलं. पेंडीचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडा सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाणी अल्कधर्मी करायचं. प्रोटीन पाण्यात उतरतं. ते ढवळून, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून चोथा खाली बसवायचा. वरचं पाणी घ्यायचं आणि त्यात थेंबथेंब आम्ल घालत पीएच साडेचारच्या आसपास आणायचा. त्या क्षणी, लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं, सगळं प्रोटीन फाटून खाली बसतं. ते धुऊन, गोठवून, सुकवून पांढरट भुकटी करून ठेवायची.

मग येतो एन्झाइमचा नंबर. लॅबमधलं लाडकं एन्झाइम म्हणजे अल्कलेज. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस नावाच्या जिवाणूपासून मिळणारं. ते सढळ हाताने कापत सुटतं. ट्रिप्सिन त्यापेक्षा शिस्तीचं. लायसिन किंवा आर्जिनिन हे मणी दिसले की त्यांच्याच पुढे कापणार, इतर ठिकाणी हात लावणार नाही. पपईतलं पपेन, पोटातलं पेप्सिन, अशा आणखीही कात्र्या आहेत. बी तेच, पण कात्री बदलली की तुकडे वेगळे आणि तुकड्यांचे गुणही वेगळे.

भुकटी पाण्यात, एन्झाइम त्यात, तापमान ५० अंशांच्या आसपास, आणि शेजारी बसून पीएच मीटरकडे बघत राहायचं. कारण प्रोटीन तुटत जातं तसा पीएच खाली घसरतो, तो पुन्हा पुन्हा वर आणावा लागतो. हवे तेवढे तुकडे झाले की मिश्रण ९० अंशांच्या आसपास तापवायचं, की एन्झाइम थंड. म्हणजे गरम होऊन थंड! (हा विनोद तिचा. लॅबमध्ये चार वर्षं काढली की माणूस असे विनोद करतो.)

या मिश्रणात शेकडो तऱ्हेचे तुकडे असतात. मग त्यांची चाळण. आधी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं, १० किलोडाल्टन, मग ३ किलोडाल्टन. ३ किलोडाल्टन म्हणजे साधारण २५-२७ मण्यांपर्यंतचे तुकडे. मोठे वर राहतात, छोटे खाली उतरतात. अँटिऑक्सिडंट गुण बऱ्याचदा या छोट्यांच्या गटात जास्त सापडतो. मग त्या गटाचे आणखी गट पाडायचे, प्रत्येक गट तपासायचा, सर्वांत चांगला निवडायचा, त्याचे पुन्हा गट. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या महागड्या यंत्रात वजन करून मणी कोणत्या क्रमाने ओवलेत ते शोधायचं. आणि एवढ्यावर भागत नाही. तोच क्रम रसायनांपासून नव्याने बनवून घ्यायचा आणि तोही तसाच वागतो का ते बघायचं. नाही वागला, तर श्रेय भलत्यालाच दिलं होतं असं समजायचं आणि मागे जायचं.

यातलं एक गाजलेलं उदाहरण सोयाबीनचंच आहे. १९९५ साली चेन, मुरामोतो आणि यामाउची या संशोधकांनी बीटा-कॉन्ग्लायसिनिन एका जिवाणूच्या एन्झाइमने कापून त्यातून सहा अँटिऑक्सिडंट पेप्टाइड्स वेगळी केली. त्यातलं एक जेमतेम पाच मण्यांचं : ल्युसिन, ल्युसिन, प्रोलिन, हिस्टिडिन, हिस्टिडिन. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्या धर्तीवर २८ पेप्टाइड्स बनवून तपासली. मागच्या टोकाचा हिस्टिडिन काढला तर गुण घटला, पुढचा ल्युसिन काढला तर काहीच फरक पडला नाही. पाच मण्यांची माळ, पण कोण काम करतंय आणि कोण नुसतं रांगेत उभं आहे, ते असं एकेक मणी काढून बघावं लागतं. (तुमच्या ऑफिसात हा प्रयोग करून बघू नका.)

जांभळ्याचं पिवळं

‘पण अँटिऑक्सिडंट आहे हे ठरतं कसं?’ मी विचारलं. ब्रोशर तिथेच तर अडलं होतं.

तिने एक गडद जांभळ्या पाण्याची बाटली दाखवली. डीपीपीएच. हा एक टिकाऊ फ्री रॅडिकल. फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू. जोडीदार मिळेपर्यंत तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ओढाताण करत राहतो. अँटिऑक्सिडंट त्याला आपला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन गप्प बसवतो. तिने त्या जांभळ्या पाण्यात तिचं पेप्टाइड घातलं, अंधारात ठेवलं. आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा जांभळा रंग फिकट होत पिवळ्याकडे झुकलेला. रंग किती उतरला ते यंत्र ५१७ नॅनोमीटरला मोजतं. झाली टेस्ट.

सहीच! बघायला एकदम मस्त. शाळेच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळेल. मी म्हटलं, ‘म्हणजे सिद्ध झालं की!’

‘काय सिद्ध झालं?’

‘हेच की ते फ्री रॅडिकल मारतं.’

‘अगं, हे फ्री रॅडिकल मारतं. हे बाटलीतलं. डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेच नसतं.’

मग तिने मला माझ्या ब्रोशरचा ठळक मुद्दा सोलून दाखवला. डीपीपीएचचा रंग निम्म्यावर आणायला व्हिटॅमिन सी मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. बियांच्या प्रोटीनचे असे तुकडे केलेलं मिश्रण बऱ्याचदा मिलिग्रॅममध्ये घ्यावं लागतं. ‘ताकदवान म्हणायचं असेल तर सरळ लिंबू पीळ ना,’ ती म्हणाली, ‘स्वस्तही पडेल.’ मग ब्रोशरमधला आकडा आला कुठून? एखाद्या टेस्टमध्ये, एखाद्या मात्रेला, एखादी तुलना पेप्टाइडच्या बाजूने लागू शकते. टेस्ट अनेक आहेत : डीपीपीएच, एबीटीएस, फ्रॅप, ओरॅक. प्रत्येकीत रसायन वेगळं, क्रमवारी वेगळी. पाच टेस्ट करायच्या आणि जी आवडली तिचाच फोटो लावायचा. म्हणजे आपण प्रोफाइल फोटो निवडतो तसंच.

हे फक्त आपल्याकडे चालतं असंही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची एक मोठी यादी लोकांसाठी ठेवली होती. कंपन्यांनी ते आकडे जाहिरातीत असे काही वापरले, की २०१२ मध्ये खात्याने ती यादीच काढून टाकली. कारण सरळ होतं : टेस्ट ट्यूबमधल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही.

मधे पोट नावाचं प्रकरण आहे

समजा, पेप्टाइड खरंच गुणी आहे. तरी ते तोंडातून रक्तात पोचायचं तर मधे पोट आहे. आणि पोटाचा धंदाच मुळी प्रोटीन कापण्याचा. पेप्सिन आहे, ट्रिप्सिन आहे, आतड्याच्या भिंतीवर आणखी कात्र्या. तुमच्या महागड्या पाच मण्यांच्या माळेवर ‘कृपया कापू नये’ असं लिहिलेलं नसतं. दोन-तीन मण्यांचे तुकडे आत घ्यायला आतड्यात एक खास दरवाजा आहे, पण त्याहून लांब तुकडे अखंड आत जाणं कठीण. काही माळा, विशेषतः प्रोलिन असलेल्या, जरा चिवट निघतात. बाकीच्यांचे मणी सुटे होतात. मग उरतं काय? अमिनो आम्लं. जी वरणातूनही मिळतात.

म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये डीपीपीएचवर गाडी थांबत नाही. नकली पचनाची टेस्ट असते. तोंड, जठर, आतडं, तिन्ही टप्पे बीकरमध्ये. २०१४ मध्ये बऱ्याच देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्याची एक सर्वमान्य पद्धत ठरवून दिली, इन्फोजेस्ट नावाची. मग आतड्याच्या पेशींचा थर, मग प्राणी, मग माणसं. प्रत्येक पायरीवर गळती. बियांच्या अँटिऑक्सिडंट पेप्टाइड्सवरचं बहुतेक संशोधन आजही पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच आहे. पाकिटावरचा माणूस मात्र थेट शेवटच्या पायरीवर उभा राहून हसत असतो.

इथे मैत्रीण थोडी गप्प झाली. मग म्हणाली, ‘माझंही गेलं.’

चार वर्षं राबून तिने एक पेप्टाइड शोधलं होतं. जांभळ्याचं पिवळं झकास करणारं. क्रम सापडला, बनवून घेतलं, तेही तसंच वागलं. गाइडने पेढे वाटले. मग नकली पचन. आतड्याचा टप्पा संपेपर्यंत त्या माळेचा पत्ता नाही. तिने प्रयोग पुन्हा केला, आणखी एकदा केला. उत्तर तेच.

‘मग आता?’

‘आता काय! लिहायचं. थिसिसमध्ये अख्खं प्रकरण आहे त्यावर.’ गाइडचं म्हणणं, हे छापलं नाहीस तर आणखी कोणीतरी याच माळेवर चार वर्षं घालवेल. आणि मग, अगदी सहज, तिने सांगितलं की तिलाही एका सप्लिमेंट कंपनीकडून नोकरीची ऑफर आहे. पगार स्कॉलरशिपच्या तिप्पट. अट एकच : तिच्या जांभळ्या-पिवळ्याचा आलेख त्यांच्या पावडरीवर छापायचा, आणि पचनाचं प्रकरण ‘सध्या’ बाजूला ठेवायचं. घरी धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. तिने अजून हो म्हटलेलं नव्हतं. नाहीही म्हटलेलं नव्हतं.

जास्त म्हणजे चांगलं?

‘पण यार, नुकसान तर काही नाही ना?’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. फायदा नाही झाला तर नाही, पैसे गेले तर गेले.

इथे दोन-तीन गोष्टी आठवाव्यात. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं अँटिऑक्सिडंट, गोळ्यांतून दिलं, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना व्हिटॅमिन सी आणि ईचे मोठे डोस दिले. व्यायामाने इन्सुलिनची परिणामकारकता सुधारायला हवी, ती गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये सुधारली. घेणाऱ्यांमध्ये नाही. कारण फ्री रॅडिकल हा निव्वळ व्हिलन नाही. आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्याच मदतीने जंतू मारतात, आणि स्नायू त्याच्याच इशाऱ्यावर स्वतःला सुधारतात. दंगा करणाऱ्यांना आवरायचं, हे ठीक. पण अख्ख्या शहरात कर्फ्यू लावला तर दूधवालाही येत नाही.

पेप्टाइड्सचं असंच होईल, असं माझं म्हणणं नाही. ती व्हिटॅमिनच्या गोळ्या नाहीत. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे चांगलंच’ हा हिशेब मात्र कधीच फसलाय.

आणि आशेचीही किंमत असते. सोयाबीनमधलंच ल्युनासिन नावाचं ४३ मण्यांचं पेप्टाइड अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून विकलं जायचं. एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजाराचा एक रुग्ण ते घेऊ लागल्यावर सुधारला, अशी बातमी पसरली. ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘खोटं आहे’ म्हणून उडवून लावलं नाही, की ‘चमत्कार’ म्हणून नाचले नाहीत. त्यांनी ५० रुग्णांना वर्षभर तेच सगळं देऊन मोजलं. २०१९ मध्ये पेपर आला, त्याच्या शीर्षकातच उत्तर होतं : ल्युनासिनमुळे एएलएसचा वेग कमी होत नाही. निराशाजनक? हो. पण पुढच्या रुग्णाचे पैसे आणि हातात उरलेले महिने वाचले, ते या एका कोरड्या वाक्याने.

मग फुकटच का सगळं?

नाही ना! मलाही वाटलं होतं की मैत्रीण म्हणेल, सगळी थापेबाजी. तिने उलट मला चिवड्याचं पाकीट दाखवलं. (मीच नेलेलं.)

दिवाळीचा चिवडा तीन आठवड्यांनी खवट लागतो ना? जवसाची चटणी लवकर वास मारते? ते ऑक्सिडेशनच. तेलातली स्निग्ध आम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी लागतात आणि साखळी सुरू होते. ती रोखायला पॅकबंद पदार्थांमध्ये आणि तेलांमध्ये टीबीएचक्यूसारखी कृत्रिम अँटिऑक्सिडंट्स घालतात. पाकिटामागे बारीक अक्षरात ‘आयएनएस ३१९’ दिसलं की समजा तेच. बियांची पेप्टाइड्स हे काम करू शकतात. काही फ्री रॅडिकलला शांत करतात, काही लोह-तांब्यासारखे धातू पकडून ठेवतात, कारण ही साखळी भडकवण्यात धातूंचा मोठा हात असतो. आणि इथे पोटाचा प्रश्नच येत नाही! काम तेलात करायचं, आतड्यात नाही. १९९५-९६ च्या त्या जपानी पेप्टाइडची परीक्षाही लिनोलेइक आम्ल खवट होण्यापासून वाचतं का, हीच होती.

अडचणी आहेत. एक, खर्च. शुद्ध पेप्टाइड सोन्याच्या भावात पडतं, त्यामुळे पदार्थात घालायचं तर अर्धवट गाळलेलं मिश्रणच परवडतं. दोन, चव. बरेच तुकडे कडू असतात, कारल्याने मान खाली घालावी इतके. कडूपणा घालवायला टोकाचे मणी खुडणारी दुसरी एन्झाइम्स वापरावी लागतात. तीन, ॲलर्जी. सोयाबीन किंवा शेंगदाण्याची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांना त्याचे तुकडे चालतीलच असं नाही. पण हे सगळे सोडवता येण्यासारखे प्रश्न आहेत. आणि सुटले तर पेंडीला खाद्याच्या पोत्यापलीकडे एक गिऱ्हाईक मिळेल. ‘तारुण्याचं बीज’ नाही, पण खवट न होणारा चिवडा. मला तर हा सौदा वाईट वाटत नाही.

आणि घरचं काय? मटकीला मोड आणता तेव्हा बी स्वतःच स्वतःच्या प्रथिनांना कात्री लावायला घेतं. दार्जिलिंग-सिक्कीमकडे सोयाबीन आंबवून किनेमा करतात, जपानमध्ये नात्तो. तिथे हेच काम बॅसिलस जिवाणू करतात. यातून म्हातारपण पळून जाईल असं कोणी म्हणत नाही. पण पोट भरतं, प्रोटीन मिळतं, चोथा मिळतो आणि चवही असते. पावडरीच्या डब्याने एवढं करून दाखवावं.

तीन प्रश्न

मी त्या कंपनीला मेल केली. तीनच प्रश्न. एक : ही टेस्ट बाटलीत झाली की माणसात? दोन : पचनानंतर पेप्टाइड उरतं का? तीन : रोज किती चमचे घेतल्यावर, कोणाला, काय फरक पडला? दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी नम्र भाषेत, की ब्रोशरचं काम त्यांनी ‘इन-हाउस’ करायचं ठरवलंय. भाड्याचं मी दुसरीकडून बघतेय. पण हे तीन प्रश्न आता माझ्याकडे आहेत आणि ते फुकट आहेत. तुम्हीही घ्या. पुढच्या वेळी डब्यावर ‘सायंटिफिकली प्रूव्हन’ दिसलं की दुकानात उभ्या उभ्या विचारा.

मैत्रिणीचं म्हणाल तर तिने मागच्या शुक्रवारी कंपनीला कळवलं. पचनाच्या प्रकरणासकट घेणार असाल तर येते. अजून उत्तर नाही. दरम्यान थिसिस बाइंडिंगला गेलाय. ते प्रकरण पाचवं आहे, आणि ते वगळा असं सांगणारं कोणी मिळालंच तर ते वगळल्यावर सहावं कळणार नाही, अशा रीतीने तिने लिहून ठेवलंय. कारण सहाव्यात तिने तेच पेप्टाइड शेंगदाणा तेलात घालून बघितलंय.

तेल खवट व्हायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले!

तर मंडळी, या वीकेंडला जवसाची चटणी करा. मात्र थोडीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. आणि हो, रेसिपी गूगल करू नका. आईला फोन करा. पलीकडे शांतता आली, तर ती ऐकून घ्या.